बारभाईंची भीती

शाळेतले निर्णय मुख्याध्यापकांनी शिक्षकांबरोबर वाटून घ्यावेत असे कुणी म्हटले, की समोरून हमखास उत्तर येते, ‘म्हणजे बारभाईंचा कारभार!’ मुख्याध्यापकांच्या अधिवेशनात ते येते, संस्थेच्या सभेत येते, केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहा पिताना येते आणि शिक्षक-खोलीतही येते. पाठोपाठ ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ हे ठरलेले. मग शेवटचा बाण : जबाबदारी सगळ्यांची झाली की ती कुणाचीच राहत नाही, शाळेला धनी एकच हवा.

इतिहासाचा दाखला द्यायचा तर तो पुरा द्यावा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राज्य त्यांचे चुलते राघोबादादा यांच्या घशात जाऊ नये म्हणून सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी मंडळींनी, म्हणजेच बारभाईंनी, एकत्र येऊन कारभार हाती घेतला, पुढच्या वर्षी तान्ह्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवली आणि इंग्रजांशी झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत निभावून नेले. ज्या कारभाराची आपण अडीचशे वर्षे टिंगल करतो त्याने राज्य सावरले होते. पण त्यांतला एकेक जण गळत गेला, सखारामबापूंना तर नानांनीच कैदेत टाकले, सत्ता एकट्या नानांच्या हाती एकवटली आणि १८०० मध्ये नाना वारले तेव्हा त्यांची जागा घेईल असा माणूस पुण्यात उरला नव्हता. आपल्या शाळांकडे पाहून मला धास्ती वाटते ती या उत्तरार्धाची.

‘जबाबदार कोण?’ हा प्रश्न मात्र टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. सहलीत मूल हरवले, प्रयोगशाळेत कुणाचा हात भाजला, तर पालक मुख्याध्यापकांच्याच दारात उभे राहणार, आणि ते तसेच असायला हवे. कायद्यापुढे आणि पालकांपुढे शाळेच्या वतीने उभा राहणारा माणूस एकच असावा, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो कामाच्या दोनशे-सव्वादोनशे दिवसांत होणाऱ्या शेकडो साध्या निर्णयांबद्दल. पहिलीचा वर्ग कुणाकडे द्यायचा, वाचनालयाच्या पैशांतून काय घ्यायचे, घटक चाचणीत मागे पडलेल्या मुलांसाठी कोणता तास मोकळा करायचा, हे सगळे एकाच टेबलावर येऊन का अडकावे? आणि अडकून तरी जबाबदारी ठरते का? शाळेतल्या कोणत्याही चुकीच्या निर्णयाबद्दल विचारून पाहा. शिक्षक मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतो, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि गटशिक्षणाधिकारी पुण्यातल्या वरिष्ठ कार्यालयांकडे. ‘वरून आलंय’ या दोन शब्दांत प्रकरण मिटते. जिथे प्रत्येकाला आपल्या वरचा एक धनी दाखवता येतो, तिथे उत्तर द्यायला कुणीच सापडत नाही.

‘अहो, आमच्याकडे वाटणी आहेच की,’ असे सांगणारे मुख्याध्यापक खूप भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. माध्यमिक शाळेत जून महिन्यात शिपाई सूचना वही घेऊन वर्गावर्गांत फिरतो. तास चालू असतो. शिक्षक खडू खाली ठेवून वही उघडतात. सहल अमुक बाई, स्नेहसंमेलन तमुक सर, विज्ञान प्रदर्शन, शिष्यवृत्तीचे जादा तास, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, परसबाग, पोषण आहार. आपल्या नावासमोर सही करायची आणि वही पुढच्या वर्गात पाठवायची. तुम्हाला यातले काय जमेल, असे कुणी विचारलेले नसते. सहल कुठे न्यायची, न्यायचीच का, हे आधीच ठरलेले असते. बाईंनी फक्त बसवाल्याला फोन करायचा आणि संमतिपत्रे गोळा करायची.

यातला पोषण आहार घेऊ, कारण तिथे वाटणीचे खरे रूप काट्यावर मोजता येते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम. खालच्या वर्गांतली ८० मुले जेवणार असतील तर ८ किलो तांदूळ शिजायला काढायचा, साठा नोंदवहीत लिहायचा आणि त्या दिवसाचा आकडा मोबाइलवरून भरायचा. समजा हे काम असलेल्या शिक्षकाने माल उतरवून घेताना वजन केले आणि ५० किलोचे पोते ४८ भरले. पोते परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही. पावतीवर सही मुख्याध्यापकांची लागते आणि मुख्याध्यापक त्या दिवशी पंचायत समितीत बैठकीला गेलेले असतात. फोनवर उत्तर येते, ‘घ्या उतरवून, बघू नंतर.’ मार्चअखेर शिल्लक जुळत नाही तेव्हा जुळवायला तोच शिक्षक बसतो. काम त्याचे, हिशेब त्याचा, बोलणीही त्यालाच. ‘हे पोते मी घेणार नाही’ एवढे म्हणायची मुभा तेवढी त्याला नाही. याला नेतृत्वाची वाटणी म्हणायचे असेल तर मीही तिच्या विरोधकांत जाऊन बसतो.

शिक्षक-खोलीतला विरोध इथूनच उगवतो, आणि सगळ्या आक्षेपांत मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. ‘साहेब, आणखी एक रजिस्टर नको,’ असे म्हणणारा शिक्षक आळशी नसतो. त्याने ‘सहभाग’ नावाखाली आलेले प्रत्येक काम अंगावर पडताना पाहिलेले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली खरी, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. शिवाय ऑनलाइन माहितीला कुणी अशैक्षणिक म्हणतच नाही. यू-डायस आणि सरल ही पोर्टले, आधारची पडताळणी, अपार क्रमांक, त्यात एखाद्या मुलाचे नाव आधारवर वेगळे आणि जनरल रजिस्टरला वेगळे, की अर्धा दिवस गेला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, बहुतेक ठिकाणी शिपाईही नसतो. तिथे ज्याला आपण प्रशासन म्हणतो ते निव्वळ कारकुनी काम असते, आणि कारकुनी वाटून घेतल्याने कुणी नेता होत नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे की मोबदल्यात वेळ मागा. शाळेच्या गणिताची जबाबदारी ज्या शिक्षकावर आहे, म्हणजे इतरांच्या वर्गात बसून पाठ पाहायचे, चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायचे, नव्या शिक्षकाला हाताशी धरायचे, त्याच्या तासिका कमी झाल्या पाहिजेत, तसा लेखी आदेश निघाला पाहिजे आणि केलेल्या कामाची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात दिसली पाहिजे. पर्यवेक्षकाला कमी तास मिळतात ते याच न्यायाने. वेळ न देता दिलेली जबाबदारी सरळ नाकारावी. संघटनांनी त्यासाठी मोर्चा काढला तर त्यात मी चालेन.

आता जरा ‘एकच धनी’ हे प्रत्यक्षात किती शाळांत शक्य आहे ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापकाचे पद १५० च्या पुढच्या पटाला मिळते, आणि सहावी ते आठवीसाठी पूर्णवेळ मुख्याध्यापक १०० च्या पुढच्या पटाला. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट याच्या जवळपासही जात नाही. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा पेटली तेव्हा २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा आकडाच १४ हजारांच्या पुढे होता. यांतल्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी. दोघांतला एक जण ‘प्रभारी’ म्हणून कागदावर सही करतो आणि उरलेला वेळ दोन इयत्ता शिकवतो. त्याने काय दुसऱ्याला सूचना वही पाठवायची? तिथे एकाने पहिली-दुसरी घ्यायची, दुसऱ्याने तिसरी-चौथी, एक बैठकीला गेला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे, हे रोज सकाळी व्हरांड्यात उभ्याउभ्या ठरते. राज्यातल्या हजारो शाळा दोघांच्या सल्ल्याने चालत आल्या आहेत. त्यांना कुणी बारभाई म्हणत नाही, कारण तिकडे कुणाचे लक्षच नाही.

खासगी अनुदानित शाळांची गोष्ट वेगळी आहे. १९७७ च्या कायद्याखाली आलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेशी बांधले. ते योग्यच झाले. नाहीतर संस्थाचालकांचे भाचे-पुतणे त्या खुर्चीत दिसले असते (काही ठिकाणी तरीही दिसतात, ते सोडा). पण निवृत्ती ५८ व्या वर्षी आणि खुर्ची अनेकांना मिळते ५५-५६ व्या वर्षी. तोवर या गृहस्थांनी कॅशबुक उघडलेले नसते, संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, कशी होते ते पाहिलेले नसते, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्याचा पाठ ऐकलेला नसतो. तीस वर्षे त्यांना सांगितले गेले, ‘तुमचे काम शिकवायचे.’ मग एका सकाळी किल्ल्यांचा जुडगा हातात येतो. पहिले वर्ष कागद समजून घेण्यात जाते, दुसरे लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरे देण्यात आणि तिसऱ्यात निरोप समारंभाची वर्गणी सुरू होते. सेवाज्येष्ठता ठेवायची आणि माणूस तयारही हवा, तर त्याला चाळिशीतच खरे निर्णय करू देण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही. आठवडाभराचे प्रशिक्षण हा तो मार्ग नव्हे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत याच दुखण्याची दुसरी बाजू दिसते. एखादा खमका गुरुजी येतो, लोकवर्गणी जमवतो, पटसंख्या वाढवतो, शाळा पेपरात झळकते. मग बदली होते. दोन वर्षांनी जाऊन पाहिले तर संगणक कपाटात आणि परसबागेत गाजरगवत. गावाला वाटते, नवे गुरुजी नालायक. नव्या गुरुजींना कुणी काही सांगितलेलेच नसते, कारण सगळे जुन्या गुरुजींच्या डोक्यात होते आणि डोके त्यांच्याबरोबर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मी ज्या माध्यमिक शाळेत नोकरी केली तिथे वेळापत्रक हे पर्यवेक्षकांच्या कपाटातले गुपित होते. नववीच्या गणिताचे तास नेमके शेवटी, मुले पेंगुळलेली असताना. गणिताचे शिक्षक वर्षानुवर्षे कुरकुरत आणि गप्प बसत. एका जूनमध्ये निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकांनी, कंटाळून म्हणा की शहाणपणाने म्हणा, चौकटी आखलेला मोठा कागद शिक्षक-खोलीतल्या टेबलावर पसरला. म्हणाले, ‘तिघांनी बसून वेळापत्रक लावा. खाली सह्या तुमच्या. पालक आले तर तुमच्याकडेच पाठवीन.’ सुरुवातीला नुसती भांडणे झाली. एका मैदानावर तीन तुकड्या मावत नव्हत्या. हिंदीच्या बाईंना एसटी गाठायची म्हणून शेवटचा तास नको होता. चित्रकलेचा तास तर जो तो आपल्या सोयीने ढकलत होता, शेवटी चित्रकलेचे सर उठून गेले आणि त्यांना समजावून परत आणावे लागले. अखेर गणिताला आठवड्यातून दोनदा सकाळचे जोडतास मिळाले. त्याने गणिताचा निकाल वाढला असा दावा मी करणार नाही, तेवढ्यावरून तसे म्हणताही येत नाही. दिवाळीआधी एक पालक तक्रार घेऊन आले, शनिवारी लागोपाठ तीन भाषांचे तास का? त्या तिघांपैकी एका बाईंनी कागद भिंतीवरून काढून त्यांच्यासमोर ठेवला, कारण सांगितले, मग स्वतःच थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे, हा तास बदलता येईल.’ सोमवारी तो बदलला. आदल्या वर्षी त्याच तक्रारीला उत्तर मिळाले असते, ‘ऑफिसात अर्ज देऊन ठेवा.’ जबाबदारी वाटली की हरवते म्हणणाऱ्यांना मला हे विचारायचे आहे की या दोन्हींत ती कुठे सापडली?

हे सगळे परदेशी खूळ आहे, असाही एक आक्षेप असतो. अमेरिकेत जेम्स स्पिलेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी वितरित नेतृत्वावर पुष्कळ लिहिले आहे हे खरे. (नेतृत्व वाटले की निकाल आपोआप सुधारतो असे स्पिलेनही म्हणत नाहीत, हे त्यांचे नाव घेऊन कार्यशाळा भरवणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.) पण पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ती मंडळी कुणाची नक्कल करत होती? शाळेचे प्रमुख वामन शिवराम आपटे होते, पण संस्थेचा कारभार आजीव सदस्यांचा, म्हणजे वर्गात शिकवणाऱ्यांचाच होता. वेतनाचे नियमही ते आपसांत ठरवत.

आणि ते भांडले, हे विरोधक लगेच सांगतील. भांडलेच. सर्वांना सारखे वेतन असावे का, आजीव सदस्याने बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न ठेवावे का, यावरून टिळक एका बाजूला आणि आगरकर, गोखले दुसऱ्या बाजूला असे तट पडले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा देऊन संस्था सोडली. टिळकांसारखा माणूस गेला तरी संस्था उभी राहिली. १८९२ मध्ये आपटे वारले, संस्थेच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले, तेही १८९५ मध्ये गेले. पंधरा वर्षांत इतकी मोठी माणसे गमावूनही जी शाळा बंद पडली नाही, ती एकखांबी असती तर काय झाले असते याचा विचार करावा. त्या भांडणातून घ्यायचे ते एवढेच की पैशांचे आणि बाहेरच्या कामांचे नियम सुरुवातीलाच लिहून ठेवावेत. आज शिकवण्या हे त्या ‘बाहेरच्या उत्पन्ना’चे नाव आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आल्यावर गावोगावच्या शाळांत कुमठ्यासारख्या फरशा रंगल्या. अनेक ठिकाणी फक्त फरशाच रंगल्या. एका बीटच्या शिक्षकांनी चर्चा करकरून जे काढले, ते इतरांना तयार मिळाले आणि तपासणीला कामाला आले. उद्या ‘नेतृत्व वाटप समिती’ स्थापन करण्याचे परिपत्रक निघेल, तिच्या इतिवृत्ताची वही निघेल आणि केंद्रप्रमुख ती वही पाहून सही करतील. त्या दिवशी माझ्या विरोधकांचे म्हणणे खरे ठरेल.

नव्या समितीची गरजही नाही. खासगी शाळेच्या शाळा समितीत कायम शिक्षकांतून सेवाज्येष्ठतेनुसार आळीपाळीने एक सदस्य घ्यायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षकही असतो. कोणत्याही शिक्षक-खोलीत जाऊन विचारा, यंदा आपला प्रतिनिधी कोण? पुष्कळदा तो प्रतिनिधीच मान खाली घालतो, कारण इतिवृत्तावर सही करण्यापलीकडे त्याला बैठकीची खबर नसते. संस्थाचालकांना हे सोयीचे आहे. कित्येक खासगी शाळांत मुख्याध्यापकालाच खडूचा खोका संस्थेच्या कार्यालयाला विचारून घ्यावा लागतो, मग तो शिक्षकांना वाटणार काय? अशा ठिकाणी ‘एकच धनी’ म्हणजे मुख्याध्यापक असतो, असे समजणारे शिक्षक भाबडे आहेत.

सुरुवात करायचीच असेल तर पैशापासून करावी. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते : ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. रक्कम मोठी नाही, बऱ्याचदा उशिरा येते आणि मग मार्चमध्ये घाईघाईने रंग, पंखे आणि फ्लेक्सवर संपते. खर्चाचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत व्हायचा असतो, तो तिथेच व्हावा. पण त्याआधी जूनमध्ये, सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत, गेल्या वर्षीची बिले टेबलावर ठेवून, या पैशांत पहिलीच्या वर्गाला पुस्तके घ्यायची की नळ दुरुस्त करायचा हे शिक्षकांनी ठरवावे, त्याखाली सह्या कराव्यात आणि पालकांसमोर तो प्रस्ताव मुख्याध्यापकांऐवजी एका शिक्षिकेने मांडावा. बिले टेबलावर ठेवायला कुणाची हरकत येते, ते त्याच बैठकीत दिसेल.